पहिला एकट्याचा कॉल



शिवनेरीच्या परिसरात, जुन्नर तालुक्यात भरलेल्या या सर्पमित्र संमेलनात स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनापासून स्वागत करतो. सातवाहनांच्या काळी कोकणातले व्यापारी नाणेघाट चढून इकडे येत. आज माळशेज चढून मुरबाड-कल्याणची मंडळी आली आहेत, याचा आम्हाला आनंद आहे.

हा तालुका उसाचा, द्राक्षांचा, टोमॅटोचा. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की आमचा शेतकरी अंधारात दारे धरायला जातो, आणि तिथेच पाचटात घोणस दबा धरून असते. ऊसतोडणीची माणसे कोपीत भुईवर झोपतात आणि मण्यार निघते ती रात्रीच. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. हे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा 2024 साली जाहीर झाला. तो गावात पोहोचवायचा तर गावोगावी जाणती माणसे लागतील, म्हणून यंदा आपण नवशिक्या सर्पमित्रांचा विषय घेतला.

हे नवशिके कॉलेजची पोरे नाहीत. यात वायरमन आहेत, शिक्षिका आहेत, गोठा सांभाळणाऱ्या बायका आहेत. चाळिशीतल्या माणसाला शिकवणे वेगळे असते. त्याच्यामागे संसार असतो, म्हणून तो भितो, आणि ती भीती मला मोलाची वाटते. तिला हसून कोणाला धीट करू नका. अशा माणसाला कारण सांगितले की ते त्याच्या डोक्यात पक्के बसते.

आधी ओळख शिकवा, हात नंतर. कवड्या आणि मण्यार यांत गफलत झाली तर माणूस जातो. मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने असतात, मानेजवळ पुसट आणि शेपटीकडे ठळक. कवड्याचे पट्टे पुढे ठळक आणि मागे विरत जातात. डुरक्या घोणस बिनविषारी, पण ती समजून ज्याने घोणशीला हात घातला त्याला दुसरी संधी मिळेलच असे नाही. म्हणून पहिले काही महिने नवीन माणसाने फक्त बॅटरी धरावी, घरातल्यांना मागे सारावे, साप कुठून आला असेल ते शोधावे. धामण, दिवड, तस्कर यांच्यावर हात बसल्यावर स्टिक, पाईप आणि पिशवी यांची पद्धत शिकवावी. अंधारे तोंड दिसले की साप आपणच पाईपात शिरतो; त्याला मानेशी धरण्याची गरजच उरत नाही. मान धरून फोटो काढणाऱ्याकडे शिकायला माणूस पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दंशाचेही शिकवावे लागते. मण्यारीच्या दंशाला सूज नसते, खूण दिसेलच असे नाही. रात्री झोपलेला माणूस पोटात दुखते म्हणून उठतो आणि पहाटेपर्यंत पापण्या जड होतात. हे ज्याला ठाऊक आहे तो त्याला मांत्रिकाकडे नेऊ देणार नाही. करकचून बांधणे नाही, कापणे नाही. हात-पाय हलू न देता थेट दवाखाना.

कायद्याचीही जाण हवी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य प्राणी पकडणे हेही शिकारीतच मोडते. वन विभागाला कळवून साप जवळच्या योग्य अधिवासात सोडला, तरच आपले काम रीतसर ठरते. साप घरी डब्यात ठेवणारा गुरू शिष्याला गुन्हाच शिकवतो.

आता ज्येष्ठांशी थोडे बोलतो. पुण्यात कात्रजचे सर्पोद्यान 1986 साली उभे राहिले. सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांच्यासारख्यांकडे पाहत एक पिढी घडली. ती पिढी बरेचसे स्वतःच्या अंगावर घेऊन शिकली. आज तसे कोणी शिकावे असे मला वाटत नाही. पण काळजीपोटी आपण शिष्यांना वर्षानुवर्षे पिशवी धरायलाच लावतो, प्रत्येक कॉल आपल्याच फोनवर येतो, आणि आपण तापाने पडलो की पंचक्रोशीत जायला कोणी नसते. त्या रात्री लोक काठी उचलतात. साप मरतो आणि मारणाऱ्यालाही डसतो.

शिष्य एकटा जाऊ शकतो हे ओळखायचे कसे? मी विचारतो, हा कधी थांबतो का? पाऊस आहे, घरात अंधार आहे, अडगळीत नुसती शेपटी दिसते आहे. अशा वेळी घर रिकामे करून, दार लावून, लाज न बाळगता दुसऱ्याला फोन करणाऱ्याला मी खुशाल एकटे सोडीन. नाग सफाईने पिशवीत भरणाऱ्याबद्दल तेवढ्यावरून मला अशी खात्री वाटत नाही. एकटे सोडल्यावर पुढचा एक पावसाळा फोन उचलायचा मात्र. तेवढी जबाबदारी गुरूकडे राहते.

डॉक्टर मंडळी आज प्रतिविष आणि रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी समजावून सांगणार आहेत, ते सत्र कोणी चुकवू नये. जेवणाला ज्येष्ठांनी एकत्र बसू नये, ही माझी विनंती. आपल्या तालुक्यातला एक नवा माणूस शोधा, त्याच्या शेजारी बसा, आणि परत गेल्यावर आपल्या भागातली दोन-चार गावे त्याच्या नावावर करा. ग्रामपंचायतीच्या फलकावर आपल्या नंबराखाली त्याचा नंबर या पावसाळ्याआधी लागू द्या.