उतारवय आणि उठबस



ज्युबिलीच्या सभेत मास्तर उभे राहिले की ते शिक्षणावर बोलणार, असा सर्वांचा समज असतो. आम्ही मात्र आज आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांविषयी बोलणार आहोत.

आपल्या बुऱ्हाणपुरात अब्बांनी साठी ओलांडली की मुले मोठ्या प्रेमाने त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतात. दुधाला नातू जातो, पाण्याचा पेला सून जागेवर आणून देते, मशिदीपर्यंत मोटरसायकल सोडावयास येते. ज्यांनी उभी हयात यंत्रमागासमोर उभे राहून काढली, त्यांच्या वाट्याला एकदम पलंग येतो. अम्मीजानचे तर विचारूच नका. त्या पूर्वीही घराबाहेर क्वचित पडत. आता त्यांना स्वयंपाकघरातूनही उठविले जाते. ही खिदमत मनापासूनची असते, यात शंका नाही. पण तिनेच माणूस लवकर परावलंबी होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

न वापरलेला स्नायू झिजतो. 2007 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना केवळ 10 दिवस अंथरुणावर ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस उतरले. उलट 1990 साली बोस्टन येथे नव्वदीच्या घरातील काही दुर्बल वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करवून घेतला, तेव्हा त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी अडीच पटींहून अधिक झाली. नव्वदीत हे होते, तर पासष्टीला ‘आता वय झाले’ म्हणण्यात काय अर्थ?

जमिनीवर बसणे-उठणे ही आपली जुनी चाल. दस्तरखानावर बसावे, नमाजात सजद्यातून उठून उभे राहावे, हे रोजचेच. अलीकडे मशिदीत सफेच्या टोकाला खुर्च्या वाढल्या आहेत. ज्यांना खरोखर त्रास आहे त्यांना सवलत आहे व तीत कमीपणा नाही. पण सवयीने घेतलेली खुर्ची सहसा सुटत नाही. ब्राझीलमध्ये 51 ते 80 वयाच्या 2002 स्त्रीपुरुषांना जमिनीवर बसून उठावयास सांगितले. ज्यांना हातागुडघ्यांचा फार आधार लागला, त्यांच्यात पुढील काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण बरेच अधिक आढळले. ही पाहणी 2012 साली प्रसिद्ध झाली.

महर्षी धोंडो केशव कर्वे हिंगण्याहून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवावयास पायी जात. वयाच्या 78 व्या वर्षी, 1936 साली, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवी संस्था काढली. 1962 साली ते गेले तेव्हा 104 वर्षांचे होते. केवळ चालण्याने इतके आयुष्य लाभते असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांचे पाय कामात राहिले, हे खरे.

जागतिक आरोग्य संघटना वृद्धांना आठवड्याला किमान 150 मिनिटे चालण्यासारखी हालचाल सांगते. शिवाय तीन दिवस तोल व ताकदीचा व्यायाम. आपल्या उन्हाळ्यात फजरनंतरची वेळ बरी. छातीत कळ, चक्कर किंवा नुकतेच ऑपरेशन असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

पुरुषांना राजघाटापर्यंत चालत जाता येते. भगिनींना जागा कोठे? ट्रस्टचा हॉल रोज असरनंतर अर्धा तास त्यांच्यासाठी मोकळा ठेवावा, अशी विश्वस्तांना आमची विनंती आहे. तेथे खुर्च्या अवश्य मांडाव्यात, हाताचा आधार न घेता त्यांवरून दहा वेळा उठण्यासाठी.