घराचं कर्ज आधी फेडू, की पैसे गाठीशी ठेवू?



मागे एकदा भुसावळ तालुक्यातल्या एका गावात गटाची बैठक होती. वसुली झाली, रजिस्टरवर सह्या झाल्या, बाया घरी निघाल्या. एक ताई तेवढी मागे थांबली. हळूच म्हणाली, "ताई, एक लाख ऐंशी हजार जमले. घराच्या कर्जाले भरू का पोस्टात ठेवू?"

हे पैसे सहज जमलेले नव्हते. म्हैस विकली त्याचे काही, शिलाईचे काही, आणि लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये तिने मोडलेच नव्हते. आता पैसे दिसायला लागल्यावर घरात प्रत्येकाचं मत तयार होतं. नवरा म्हणे, सगळे बँकेत भरून टाक, डोक्यावरचं ओझं उतरेल. दीर म्हणे, एक पतसंस्था १२ टक्के देते, तिथे ठेव. सासूबाई म्हणत, सोनं घे. तिला काय वाटतं, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

आम्ही दोघी तिच्या कर्जाचा उतारा घेऊन बसलो. तो हिशोब आज तुम्हाला सांगते. घरी वही-पेन असेल तर जवळ घ्या.

कर्ज ६ लाखांचं, व्याज ९ टक्के, मुदत १५ वर्षं. हप्ता ६,०८६ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले ४,५०० रुपये व्याजातच गेले, मुद्दल फिटलं फक्त १,५८६ रुपये. पाच वर्षांत तिच्या घराने ३ लाख ६५ हजार भरले. आणि मुद्दल किती कमी झालं? जेमतेम १ लाख २० हजार. अजून ४ लाख ८० हजार बाकी. ती म्हणाली, "बाई गं, मग एवढे पैसे गेले कुठे?" व्याजात गेले. बँकेने फसवलं असं नाही, हप्त्याची रीतच तशी आहे. सुरुवातीला मुद्दल मोठं, म्हणून व्याज मोठं. जसजसं मुद्दल घटतं तसतसं व्याज घटतं.

म्हणूनच मधेच जास्तीचे पैसे भरले, तर ते सरळ मुद्दलातून वजा होतात. तिने आज १ लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर राहिलेले १२० हप्ते ८५ वर येतात. ३५ हप्ते वाचले, म्हणजे जवळपास ३ वर्षं. व्याज वाचलं सुमारे १ लाख १५ हजार.

आता हेच १ लाख बँकेत साडेसहा टक्क्यांनी १० वर्षं ठेवले, तर होतात सुमारे १ लाख ९० हजार. आणि कर्जात भरले, तर वाचलेल्या ३५ हप्त्यांचे पैसे नुसते डब्यात टाकले तरी २ लाख १३ हजार होतात. फरक दिसला ना? ज्या कर्जावर आपण ९ टक्के देतो, ते फेडणं म्हणजे ९ टक्क्यांची पक्की कमाई. साध्या ठेवीत तेवढं मिळत नाही. पण एक अट आहे. वाचलेले हप्ते खरंच बाजूला पडले पाहिजेत. ते लग्नाच्या आहेरात आणि नव्या मोबाईलमध्ये गेले, तर हिशोब फसला.

मग नवऱ्याचंच खरं, सगळे भरून टाकायचे? थांबा.

यावल तालुक्यातल्या एका गटात एका मावशीने तसंच केलं होतं. होते नव्हते ते सगळे पैसे घराच्या कर्जात भरले. पुढच्याच उन्हाळ्यात वादळ आलं आणि कापणीला आलेली केळी आडवी झाली. त्याच महिन्यात घरात दवाखाना निघाला. बँकेत भरलेले पैसे परत मागता येत नाहीत. मावशीला आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज काढावं लागलं, २४ टक्क्यांनी. ९ टक्क्यांचं कर्ज कमी केलं आणि २४ टक्क्यांचं डोक्यावर घेतलं. घर वाचलं, पण दोन वर्षं मावशीच्या जिवाला चैन नव्हतं.

म्हणून मी पैशाचा क्रम सांगते, तो लक्षात ठेवा.

पहिला मान अडीअडचणीच्या पैशाला. घरात पगार येत असेल तर हप्ता धरून चार महिन्यांचा खर्च, आणि शेतीवर घर चालत असेल तर एका हंगामाचा खर्च बँकेत किंवा पोस्टात आपल्या नावावर ठेवायचा. त्याला हात लावायचा नाही.

दुसरा मान महागड्या कर्जाला. आपल्या गटाचं अंतर्गत कर्ज बऱ्याच ठिकाणी दोन रुपये शेकडा असतं. दोन रुपये ऐकायला कमी वाटतात, पण ते महिन्याचे आहेत. वर्षाचे २४ टक्के झाले. सावकाराचं, फायनान्सचं, सोनेतारणाचं कर्जही याच रांगेत. घराच्या ९ टक्क्यांच्या आधी ही कर्जं फेडा.

घराच्या कर्जाचा नंबर तिसरा. बदलत्या व्याजदराचं वैयक्तिक घरकर्ज मुदतीआधी फेडलं तर बँकेने दंड घ्यायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१२ पासून नियम आहे. व्याजदर स्थिर असेल तर करारात बघून घ्या. आणि पैसे भरताना लेखी अर्ज द्या की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. कारण हप्ता कमी करून घेतला, तर या ताईचा हप्ता ४,८१९ रुपये झाला असता, पण व्याज वाचलं असतं फक्त ५२ हजार. १ लाख १५ हजार कुठे आणि ५२ हजार कुठे! हां, घरची कमाई घटली असेल आणि हप्ताच झेपत नसेल, तर मात्र हप्ता कमी करून घेण्यात शहाणपण आहे.

आता दिराच्या १२ टक्क्यांचं बघू. जळगाव जिल्ह्यातल्या बायांना हे मी काय सांगावं? २०१५ मध्ये बीएचआर मल्टिस्टेट पतसंस्थेवर अवसायक नेमला गेला, तेव्हा किती घरांच्या ठेवी अडकल्या ते आपण पाहिलंय. बँक बुडाली तर एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. २०२० पूर्वी ते १ लाख होतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. जिथे व्याज जास्त, तिथे आधी हा प्रश्न विचारा: बुडाले तर कोण देणार?

सासूबाईंचं सोनं वाईट नाही, अडचणीला ते उभं राहतं. पण दागिना घेताना मजुरी आणि ३ टक्के जीएसटी जातो, आणि मोडताना ते परत मिळत नाही. मुलगी १० वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खात्याचा विचार जरूर करा. २०२४ च्या जानेवारीत त्याचा दर ८.२ टक्के झाला, व्याजावर कर नाही. दर तीन महिन्यांनी सरकार दर ठरवतं, तेव्हा पोस्टात विचारूनच भरा. घराचं कर्ज ९ टक्के आणि हे ८.२ म्हटल्यावर फरक थोडाच, आणि पैसा मुलीच्या नावावर राहतो.

या ताईची मुलगी अकरावीत, म्हणून ते खातं नाही. आम्ही वाटणी अशी केली: गटाचं २० हजारांचं कर्ज फेडायचं, ६० हजार बँकेत तिच्या नावावर ठेवायचे, आणि १ लाख घराच्या कर्जात. गटाचा हप्ता सुटला, तेवढ्याची पोस्टात आरडी.

पण अर्ज लिहिण्याआधी मी तिला विचारलं, "घर कोणाच्या नावावर आहे गं?" ती गप्प झाली. कागद काढले. कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून तिची सही होती. घराच्या खरेदीखतावर तिचं नाव नव्हतं. म्हणजे हप्ता थकला तर बँक तिला विचारणार, आणि घर मात्र तिचं नाही.

तिचा नवरा चांगला माणूस आहे. तो म्हणाला, "ताई, घर दोघांचंच तर आहे." मी म्हटलं, "मग भाऊ, कागदावरही दोघांचं असू द्या." तो रागावला नाही, पण लगेच हो म्हणाला असंही नाही. आठ दिवसांनी दोघं मिळून बँकेत गेले. घर बँकेकडे गहाण असल्यामुळे आधी बँकेची परवानगी लागते, मग बक्षीसपत्र करून नाव लागतं, हे त्यांना तिथे समजलं. तिने त्या दिवशी १ लाखातले ५० हजार भरले. उरलेले ५० हजार तिने नाव लागेपर्यंत थांबवले आहेत. तो निर्णय मी सांगितलेला नाही, तिचा तिने घेतला. मला तो पटला.

ताई-मावश्यांनो, पुढच्या बैठकीला येताना तीन गोष्टी आणा. कर्जाचा उतारा, त्यात मुद्दल किती बाकी ते बघून या. घरातल्या सगळ्या कर्जांची यादी, प्रत्येकापुढे वर्षाचं व्याज लिहून. आणि घराच्या कागदाची झेरॉक्स. तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून आपण गटात हिशोब करू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी मी लिहीन, पण आकडे तुमच्याच तोंडून ऐकायचेत मला.