अंग सोडायला शिकताना
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'योगशिक्षिका' अशी करून दिली आणि मागच्या रांगेतून कोणीतरी "शीर्षासन करून दाखव" म्हणाले. आवाज मी ओळखला आहे! शीर्षासन मी करत नाही, माझ्या मानेचे मणके परवानगी देत नाहीत. शिकवतही नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि वयाच्या ४९ व्या वर्षी लोणावळ्याला कैवल्यधामात सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला गेले. घरचे म्हणाले, आता या वयात काय कसरती करणार? माझ्याही डोक्यात योग म्हणजे आपल्या पी.टी.च्या तासाचा थोरला भाऊ होता. सावधान, विश्राम, एक-दोन-तीन-चार.

कैवल्यधाम स्थापन झाले १९२४ साली. संस्थापक स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. तरुणपणी बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले, पुढे अमळनेरला शिक्षक. योगाबद्दल चमत्काराच्या गोष्टी सांगण्यापेक्षा त्यांनी दाब मोजायची नळी आणि क्ष-किरण यंत्र हाताशी धरले. नौली करताना मोठ्या आतड्यात हवेचा दाब खरोखर कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवले. मला हा माणूस आवडतो, कारण तो आधी तपासतो आणि मग बोलतो.

तिथे मला सगळ्यात अवघड गेले ते निपचित पडणे. पहिल्याच आठवड्यात आम्हाला उताणे झोपवून विचारले, कोणता खांदा जमिनीला जास्त टेकलाय? मला सांगताच येईना. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे ते आपल्याला कळते, कारण स्नायू आणि सांधे मेंदूला सतत निरोप धाडत असतात. ते निरोप येतात, पण आपण ऐकत नाही. पतंजलींनी आसन स्थिर आणि सुखाचे असावे म्हटले आहे. स्थिर आम्ही होत होतो. सुखाचे नाव नव्हते.

पुढे एका पाठात मला आसन करून न दाखवता नुसते बोलून शिकवायला सांगितले. २६ वर्षे फळ्यापुढे उभी राहिलेली मी, पण घाम फुटला. "गुडघा वाकवा" म्हटले की दहाजण दहा तऱ्हांनी वाकवतात. तेव्हा कळले, या शिक्षकाचे खरे साहित्य शब्द आहेत.

आणि ते शब्द मला गावात आल्यावर नव्याने गोळा करावे लागले. मंदिराच्या सभामंडपात बायकांचा वर्ग सुरू केला. "शरीर शिथिल करा" म्हटले, कोणी हलले नाही. "अंग सोडा" म्हटल्यावर थोडे जमले. मग एकदा म्हणाले, "डोक्यावरची मोळी खाली टाकल्यावर खांदे सोडता ना, तसे सोडा." सगळ्या मंडपातून एकदम सुस्कारा ऐकू आला. फरा, खुबा, लवण, चवडा, माकडहाड... शरीराचे सगळे शब्द या बायकांकडे तयार होते. लवण म्हणजे गुडघ्यामागचा खळगा. हा शब्द मी आजीनंतर थेट त्या मंडपात ऐकला. या बायका उकिडव्या तासभर बसतील, शहरातल्यांना दोन मिनिटे जमत नाही. पण दिवसभर वाकून खुरपणी आणि कांद्याची लागण केलेली पाठ मागे नेताना त्यांचे डोळे भरून येतात.

शवासन हे नाव तर त्यांनी पहिल्याच दिवशी नाकारले. "शव कशाला बाई म्हणायचं, जित्याजागत्या आहोत की!" आम्ही आता 'निवांत पडणं' म्हणतो. पण नावापेक्षा ते पडणेच जड होते. साठीची एक मावशी दर वेळी उठून बसायची. कंबर दुखते का, विचारले. म्हणाली, "दुखत नाही. पण दिवसाउजेडी मी आडवी पडले ती फक्त बाळंतपणात अन् तापात. कोणी बघितलं तर काय म्हणंल?" लोणावळ्याच्या कोणत्याही पुस्तकात मला याचे उत्तर सापडले नव्हते. मी मंडपाच्या दारात पाठ करून उभी राहिले, येणाऱ्या-जाणाऱ्याला आतले दिसू नये म्हणून. चौथ्या आठवड्यात ती पडून राहिली. आजही वर्गाची शेवटची दहा मिनिटे मी दारातच असते.

म्हणूनच योगासनांच्या स्पर्धा मला फारशा पटत नाहीत, इथे बसलेल्या काहींना राग येईल तरी सांगते. गुण दिसणाऱ्या आकाराला मिळतात, कळणाऱ्या गोष्टीला नाही. २१ जूनला मैदानात रांगा लावून फोटो काढायलाही माझी हरकत नाही, फक्त २२ जूनला काय करायचे ते ठरवा.

आपण नेवाशाचे. ज्ञानेश्वरी इथेच सांगितली गेली, शके १२१२ मध्ये. तिच्या सहाव्या अध्यायात माउलींनी बैठक कशी जमवायची ते सविस्तर सांगितले आहे. आणि गंमत अशी की तिथे वज्रासन हे मूळबंधाचे दुसरे नाव म्हणून येते. जेवणानंतर आपण गुडघे मोडून बसतो ते हे नव्हे. टाच कुठे दाबायची, शरीर कसे तोलायचे, इतक्या बारकाईने माउलींनी आपल्याच बोलीत सांगितले. पैस खांबाला आपण लहानपणापासून हात जोडतो, तो अध्याय मात्र मी पन्नाशीला आल्यावर शरीराने वाचला.

आता थोडे व्यवहाराचे. मेळाव्याच्या निधीतून शाळेला कमान बांधायचे ठरते आहे असे ऐकते. कमान जरूर बांधा. पण त्यातून थोडे पैसे बाजूला काढून जुन्या हॉलची फरशी दुरुस्त केली आणि तीस जाड सतरंज्या घेतल्या, तर दर रविवारी सकाळी सातला मी वर्ग घेईन, फी न घेता. मुलांच्या आया येतील, आणि तुमच्यापैकी ज्यांनी आज खुर्चीवरून उठताना गुडघ्यावर हात ठेवला ते सगळे. मी मोजलेत, चौदाजण आहेत. दरवाजाला पडदा मात्र हवा. आणि हॉलची किल्ली कोणाकडे असते, तेवढे जाण्यापूर्वी सांगा.