गल्ल्यामागचं काम



 सुरतेच्या सचिन, उधना, पांडेसरा, लिंबायत भागांतल्या दुकानदारांच्या आणि बिलिंगला बसणाऱ्या बहिणींच्या या अधिवेशनात सकाळच्या सत्रात एका तरुण दुकानदाराने विचारलं, "कॅमेरेच हिशेब करणार असतील तर आम्ही दुकान वाढवायचं की विकायचं?" त्याला टाळ्या मिळाल्या, उत्तर मात्र मिळालं नाही. मी त्यावरच बोलणार आहे.

जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरात ॲमेझॉनने कॅशियर नसलेलं दुकान सर्वांसाठी उघडलं. दारात फोन दाखवायचा आणि आत जायचं. छताला कॅमेरे, फळ्यांमध्ये वजन ओळखणारे सेन्सर. पुडा उचलला की तुमच्या नावावर चढायचा, परत ठेवला की उतरायचा. रांग नाही, थेट बाहेर. बिल नंतर फोनवर यायचं. एप्रिल २०२४ मध्ये याच कंपनीने अमेरिकेतल्या आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून ही पद्धत काढून घेत असल्याचं सांगितलं आणि स्वतः हिशेब करणाऱ्या ढकलगाड्यांवर भर दिला. त्याच सुमारास बातम्या आल्या, की या यंत्रणेच्या मागे भारतात बसून व्यवहार तपासणारी सुमारे हजार माणसं होती. कंपनीने खुलासा केला: आमची माणसं गिऱ्हाइकांवर नजर ठेवून बसत नाहीत, यंत्राला शिकवण्यासाठी चित्रांवर खुणा करतात आणि थोड्या व्यवहारांची पडताळणी करतात.

कंपनीचं म्हणणं शब्दशः खरं धरू. तरीसुद्धा गल्ल्यावरचं काम संपलं नाही, हे उघड आहे. ते सिएटलमधून उठलं आणि आपल्या देशात पडद्यासमोर येऊन बसलं. तिथे गिऱ्हाइकाला त्या माणसाचं तोंड दिसत नाही, आणि त्या माणसाला गिऱ्हाइकाशी एक शब्द बोलता येत नाही. मला चिंता आहे ती या अदृश्य होण्याची.

आता आपल्या गावाकडे या. सचिनच्या औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) डाइंग मिलमधून पाळी संपवून माणूस रात्री दुकानात येतो. पगाराला चार दिवस असतात. तो अर्धा किलो तांदूळ, पावशेर तूरडाळ आणि चहाची पुडी घेतो आणि म्हणतो, खात्यावर मांडा. दुकानदार वही उघडतो. हा माणूस किती वर्षं येतो, मागची बाकी कधी फेडली, गावी कोण आजारी आहे, हे सगळं त्याला ठाऊक असतं, म्हणून तो उधार देतो. कॅशियर नसलेलं दुकान असं धरून चालतं, की गिऱ्हाइकाच्या खात्यात पैसे आजच आहेत. सचिनच्या बाजारात हे दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खोटं ठरतं.

मालाचंही तसंच. बंद पाकिटावर बारकोड असतो, वजन ठरलेलं असतं. यंत्राला ते जमतं. आपल्याकडे खानदेशी घरांत श्रावणात कानबाईच्या रोटांची तयारी सुरू झाली की बायका गहू हातात घेऊन, दाणा पाहून निवडतात. कळण्याचं पीठ घ्यायला आलेली जळगावकडची आजी चिमूटभर पीठ बोटांत चोळते आणि सांगते, "उडीद कमी पडना, भाऊ." छताच्या कॅमेऱ्याला ते पीठच दिसेल. त्यात उडीद किती, हे त्या आजीला कळतं आणि तिच्याशी बोलणाऱ्या दुकानदाराला कळतं.

म्हणून यंत्र नको, असं मी म्हणत नाही. २०१६ साली यूपीआय आलं तेव्हाही आपल्यातल्या पुष्कळांनी नाकं मुरडली होती. आज भाजीच्या गाडीवर क्यूआर कोड आहे. पैसे आल्याचे खोटे स्क्रीनशॉट दाखवणाऱ्यांपासून रक्कम जमा होताच ती बोलून सांगणाऱ्या डब्याने आपल्याला वाचवलं. गल्ल्यातली रोकड कमी झाली, तरी गल्ल्यावरचा माणूस गेला नाही, कारण तो नोटा मोजण्यापुरता तिथे कधीच नव्हता. सुरतेच्या कापडवाल्यांनी तर आरएफआयडीकडे, म्हणजे रेडिओ लहरींनी ओळखल्या जाणाऱ्या चिपकडे, नीट बघावं. साडीच्या लेबलात ती चिप असेल तर गठ्ठ्यात किती नग आहेत ते न सोडता मोजता येतं. रात्री अकरापर्यंत स्टॉक मोजत बसणारी पोरं वेळेवर घरी जातील. हे यंत्राचं काम आहे, ते त्याला खुशाल द्यावं.

पण ते यंत्र कुणाच्या हाती असावं, हा प्रश्न उरतोच. १९४८ साली मुंबईत नायगावच्या कामगारांनी आपलं ग्राहक भांडार काढलं. पुढे ते अपना बाजार म्हणून नावारूपाला आलं. दुकान कुणाच्या हाती असावं, हा प्रश्न त्या कामगारांनी स्वतःच्या भागभांडवलाने सोडवला. आपल्या छोट्या दुकानदारांनी स्टॉकचं सॉफ्टवेअर एकेकट्याने भाड्याने घेण्यापेक्षा मिळून घ्यावं, असं मला वाटतं ते यामुळेच. नाहीतर आपल्या गिऱ्हाइकाच्या सवयींची सगळी माहिती दुसऱ्याच्या हाती जाईल आणि उद्या तोच ती आपल्याला विकेल.

आणि आपल्या मुलींविषयी. खानदेशातून आलेल्या कित्येक घरांत पहिला बँकेत जमा होणारा पगार मॉलमध्ये बिलिंगला बसणाऱ्या मुलीने आणला. तिला उद्या पडद्यासमोर चित्रांवर खुणा करायला बसवलं, तर त्या कामाला नाव, नेमणूकपत्र आणि भविष्यनिर्वाह निधी हवा. यंत्राने चुकीचं बिल लावलं, तर गिऱ्हाइकाला जाब विचारायला दुकानात एक जबाबदार माणूस हवा. कॅमेऱ्यात चेहरा टिपला जाणार असेल, तर गिऱ्हाइकाला दारातच मराठी, गुजराती, हिंदी आणि ओडियात तसं सांगायला हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा मूळ आधारच संमती आहे.

सकाळच्या त्या तरुणाला माझं उत्तर: दुकान विकू नकोस. स्टॉक यंत्राला दे, उधारीची वही स्वतःकडे ठेव, आणि बिलिंगच्या मुलीला ते यंत्र चालवायला शिकव. नेमणूकपत्राचं काम, दुकानात जबाबदार माणूस आणि दारातली कॅमेऱ्याची सूचना या तीन मागण्यांचा आणि सामायिक सॉफ्टवेअरचा ठराव मी अध्यक्ष या नात्याने मांडतो आहे. जेवणानंतरच्या सत्रात त्यावर मतदान होईल. दुरुस्त्या असतील त्यांनी त्या लेखी द्याव्यात, आणि बिलिंगला बसणाऱ्या बहिणींनी आधी बोलावं.