चित्र एक सांगते, गाणे दुसरे



'फंक' हा शब्द आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला नसेल. पण तो ठेका कानांवरून गेला असण्याचा बराच संभव आहे. पडद्यावर शहराच्या गर्दीतून कुणी ऐटीत चालला आहे, झांजा बारीक किणकिणत आहेत आणि गिटार माणसासारखी 'वाऽव, वाऽव' बोलते आहे, असे कधी ऐकले असेल, तर तो फंकच, किंवा त्याचा चुलतभाऊ म्हणा. १९७० नंतरच्या दहा वर्षांत हे संगीत अमेरिकेतल्या चित्रपटांत शिरले आणि तिथून देशोदेशी पोचले. त्याची हकीकत आज सांगायची आहे.

फंक हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत. १९६५ च्या सुमारास जेम्स ब्राउन या गायकाने त्याला घाट दिला. तिकडच्या नाचगाण्यांत जोर बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असे. ब्राउनने आपल्या वादकांना सांगितले, पहिली मात्रा सगळ्यांनी मिळून धरायची. मधल्या जागेत ज्याने त्याने आपापले काम करायचे. आमच्या भजनी मंडळींना हे समजावून सांगायला नकोच. मृदंग मध्ये कितीही खेळला, तरी समेवर सगळे एकत्र यायचे, तसेच हे. फंकमध्ये एकेक वाद्य थोडेच वाजते. पण सगळी मिळून असे काही जाळे विणतात की, पाय आपोआप ठेका धरू लागतो. आणि ती 'वाऽव वाऽव' कुठून येते? गिटारवाल्याच्या पायाखाली एक पट्टी असते. ती दाबली-सोडली की, तोंड उघडल्या-मिटल्यासारखा सूर बदलतो.

१९७१ साली 'शाफ्ट' नावाचा चित्रपट आला. न्यूयॉर्कमधला एक कृष्णवर्णीय खासगी गुप्तहेर त्याचा नायक. दिग्दर्शक गॉर्डन पार्क्स, संगीतकार आयझॅक हेज. नायक सदा चालता-फिरता, त्याची चाल संगीतात यायला हवी होती. हेज यांनी झांजांची न थांबणारी बारीक लय धरली आणि तिच्यावर गिटार बोलती केली. ध्वनिमुद्रिकेवर दोन मिनिटे उलटून गेली, तरी गायकाचा शब्द नाही. नुसता ठेकाच माणसाची ओळख करून देतो!

हे हेज कोण? १९४२ साली टेनेसी राज्यात जन्मलेले, आजी-आजोबांनी वाढवलेले. घरची शेती दुसऱ्याच्या जमिनीवरची, अर्धेलीची. लहानपणी त्यांनी कापूस वेचला. १९७२ च्या एप्रिलात 'शाफ्ट'च्या गाण्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांच्या संगतीला आजीच होत्या. हिच्या प्रार्थनांनी मला सरळ वाटेवर ठेवले, असे सांगून त्यांनी तो मान आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाची भेट म्हणून तिला वाहिला.

तुम्ही म्हणाल, ठेका झाला, कौतुक झालं, पण यात शिकण्यासारखं काय? ते पुढच्या गोष्टीत आहे.

१९७२ साली 'सुपर फ्लाय' हा चित्रपट निघाला. त्याचा नायक कोकेन विकणारा. उंची कपडे, झोकदार मोटार, खिशात पैसा. शेवटचा एक मोठा सौदा करून त्याला या धंद्यातून निघायचे आहे. चित्रपट चालला, पण असले नायक आमच्या मुलांपुढे ठेवू नका, म्हणून कृष्णवर्णीयांच्याच संघटनांनी अशा चित्रपटांविरुद्ध आवाज उठवला. या चित्रपटाचे संगीतकार होते शिकागोचे कर्टिस मेफील्ड. देवळात गाऊन मोठे झालेले, समान हक्कांच्या चळवळीच्या काळात धीर देणारी गाणी रचलेले. कोकेनची ही जाहिरातच होते आहे, असे त्यांनाही वाटले. मग त्यांनी काय केले? काम सोडले नाही. गाण्यांतून दुसरी बाजू मांडली.

चित्रपटात फ्रेडी नावाचा एक दुबळा साथीदार मरतो आणि कथा पुढे जाते. मेफील्ड मात्र त्याच्यापाशी थांबले. त्याच्या मरणावर त्यांनी अख्खे गाणे रचले. चित्रपटात त्या गाण्याची नुसती चाल वाजते. शब्द आहेत ते ध्वनिमुद्रिकेवर. ती ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. म्हणजे पडद्याने ज्याला विसरायला लावले, त्याची आठवण गाण्याने घरोघर नेली. आणि ठेका असा की, नाचता नाचता ऐकावे!

हा ठेका पुढे फार फिरला. १९७३ च्या 'एंटर द ड्रॅगन' या ब्रूस ली यांच्या चित्रपटाची कथा हाँगकाँगकडची, संगीतकार लालो शिफ्रिन अर्जेंटिनात जन्मलेले. पण गिटार त्याच वळणाची. इटलीतल्या पोलिसपटांनी तो उचलला. मुंबईत कल्याणजी-आनंदजींच्या 'डॉन'मध्ये १९७८ साली तो ऐकू आला. पुढे २००५ साली ब्लॅक आइड पीज या अमेरिकन मंडळींनी 'डॉन'मधल्याच एका गाण्याची चाल आपल्या गाण्यात घेतली. गेलेले बियाणे दुसऱ्या मातीत पिकून परत घरी आले म्हणायचे.

पण ठेका उचलणे सोपे, मेफील्डची नजर उचलणे अवघड. बहुतेक ठिकाणी फंक उरला तो मारामारी आणि मोटारींच्या पाठलागापुरता.

म्हणून शिक्षकबंधु-भगिनींना एक सुचवावेसे वाटते. मुले चित्रपट पाहणारच. एखादा प्रसंग त्यांना आधी नुसता पाहू द्या; मग डोळे मिटून नुसता ऐकू द्या. आणि विचारा, चित्र काय म्हणाले? गाणे काय म्हणाले? दोघांचे म्हणणे एकच होते का? ज्या मुलाला हा फरक ओळखता येईल, त्याला नुसत्या झगमगाटाने फसवणे कुणालाही सोपे जाणार नाही.