तिबेटी समाज : इतिहास, धर्म आणि विस्थापन

सातव्या शतकात राजा सोंगत्सेन गाम्पो याने तिबेटच्या पठारावरील टोळ्या एका सत्तेखाली आणल्या. परंपरेनुसार त्याच्याच काळात भारतीय लिपीच्या धर्तीवर तिबेटी लिपी घडली. आठव्या शतकात बौद्ध आचार्य शांतरक्षित आणि पद्मसंभव भारतातून तिकडे गेले आणि साम्ये येथे पहिला मोठा मठ उभा राहिला. पुढे न्यिंगमा, काग्यू, साक्य आणि गेलुग हे चार प्रमुख बौद्ध संप्रदाय रुजले. बोन ही स्वतंत्र परंपराही टिकून राहिली. १६४२ मध्ये गेलुग पंथाच्या पाचव्या दलाई लामांकडे राज्यसत्ता आली.

१९५० मध्ये चिनी फौजा तिबेटात शिरल्या. मार्च १९५९ मध्ये राजधानी ल्हासातील चिनी सत्तेविरुद्धचा उठाव चिरडला गेला. चौदावे दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागोमाग हजारो तिबेटी हिमालय ओलांडून आले. १९६० पासून हिमाचल प्रदेशातील धर्मशाळा हे निर्वासित प्रशासनाचे केंद्र आहे. कर्नाटकात बैलकुप्पे व मुंडगोड येथे मोठ्या वसाहती वसल्या. गोंदिया जिल्ह्यातील गोठणगाव येथेही एक आहे. शेती आणि हिवाळ्यातील स्वेटरविक्री ही या वसाहतींतील अनेक कुटुंबांची उपजीविका. नेपाळ, स्वित्झर्लंड, अमेरिका, कॅनडा येथेही तिबेटी समाज विखुरला आहे. २०११ मध्ये दलाई लामांनी आपले राजकीय अधिकार लोकनिर्वाचित नेतृत्वाकडे सोपवले.