तांदळाची शिल्लक आणि मोबाईलमधील तक्ता

(साकोली तालुक्यातील एकोडी परिसराच्या प्राथमिक शिक्षकांकरिता भाषण)



दुपारची पंगत उठली, मुले वर्गात परतली आणि गुरुजींनी मोबाईल उघडून पाहिले, तो तक्त्यात तांदळाची शिल्लक ३२ किलो २०० ग्रॅम. कोठीतले पोते तराजूवर चढविले, तर भरले २८ किलोच. प्रसंग कल्पित असला, तरी असे घडणे मुळीच अवघड नाही. एकोडीसारख्या धानाच्या मुलखात चार किलो तांदळाची ती काय मातब्बरी, असे परका मनुष्य म्हणेल; परंतु ज्याच्या हाती कोठीची किल्ली आहे, त्याच्या पोटात अशा वेळी गोळा उठतो. तांदूळ मुलांच्या तोंडचा, आणि संशय गुरुजींवर!

शासनाच्या पोर्टलवरील दैनंदिन नोंद ही निराळी गोष्ट. येथे विचार करावयाचा आहे तो शिक्षकाने स्वतःच्या सोयीसाठी गूगल शीटसारख्या तक्त्यावर उभारलेल्या छोट्या ॲपचा. संगणकाची भाषा न शिकताही असे ॲप रचता येते. २०२० साली गूगलने आपल्याकडे घेतलेले ‘ॲपशीट’ हे अशाच साधनांपैकी एक होय.

आता त्या ४ किलो २०० ग्रॅमचा शोध घेऊ. आरंभी कोठीत ५२ किलो २०० ग्रॅम तांदूळ होता. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे दररोज १०० ग्रॅम. सहा दिवसांची उपस्थिती ४१, ४०, ४२, ३९, ४२ आणि ३८, बेरीज २४२. म्हणजे खर्च २४ किलो २०० ग्रॅम, आणि शिल्लक २८. पोते खरे बोलत होते. तक्त्याने मात्र बेरीज २०० धरली, कारण पाचव्या दिवशी कोणीतरी आकड्याच्या घरात ‘४२ मुले’ असे लिहिले. माणसाला ते अधिक स्पष्ट वाटते. तक्त्याच्या लेखी तो आकडा राहत नाही, शब्द होतो, आणि ‘सम’ हे बेरजेचे सूत्र शब्दांना निमूटपणे वगळून पुढे जाते. देवनागरी कळफलकाने टाकलेल्या अंकांचेही कित्येकदा असेच होते.

त्याच घराला थेट ०.१ ने गुणले असते, तर तेथे चूक दर्शविणारी खूण तत्काळ उमटली असती. अशी खूण दिसली की शिक्षक घाबरतात. वस्तुतः ओरडणारे सूत्र हे मित्र होय. धास्ती बाळगावी ती मुकाट्याने चुकणाऱ्या सूत्राची. त्याला पकडण्याची एक सोपी युक्ती आहे. मुद्दाम बदल केलेला नसेल, तर तक्त्यात आकडा घराच्या उजव्या कडेला चिकटतो आणि शब्द डाव्या. उपस्थितीच्या रकान्यात एखादा आकडा डावीकडे सरकलेला दिसला, की चोर सापडला. शंका उरलीच, तर ‘इझनंबर’ हे सूत्र लावून खात्री करावी.

तारखांचीही अशीच गंमत होते. तक्त्याची मांडणी अमेरिकी पद्धतीची राहिली असेल, तर ५/७ म्हणजे ५ जुलै नव्हे, ७ मे! मग जुलैचे पहिले बारा दिवस वर्षाच्या बारा महिन्यांत विखुरतात आणि तेराव्यापासूनच्या तारखा नुसते शब्द होऊन बसतात. फाईल सदरातील सेटिंग्जमध्ये देश भारत निवडावा; मात्र आधी विस्कटलेल्या तारखा हाताने तपासाव्या लागतात.

सूत्र बिनचूक असूनही हिशेब बिघडतो, तो सिंक होताना. म्हणजे मोबाईलमधील नोंदी मूळ तक्त्याशी जुळवून घेतल्या जाताना. नेटवर्क नसेल, तर नोंद मोबाईलमध्येच थांबून राहते. तेवढ्यात ‘ॲप बिघडले’ म्हणून कोणी ते काढून टाकून पुन्हा बसविले, तर थांबलेल्या नोंदी त्याबरोबरच नाहीशा होतात. म्हणून प्रथम नेटवर्कच्या जागी जावे, सिंक पूर्ण होऊ द्यावे, आणि मगच दुरुस्तीला हात घालावा.

दुसरा घोटाळा अधिक खोल आहे. ‘शिल्लक’ या एकाच घरात दोन शिक्षक आपापल्या मोबाईलवरून आकडा बदलत असतील, तर सामान्यतः शेवटी पोचलेला आकडा टिकतो. आधीचा पुसला जातो. जुन्या दुकानदाराने असे कधी केले नसते. तो रोजकीर्दीत प्रत्येक व्यवहाराची वेगळी ओळ लिही आणि शिल्लक त्यावरून काढी. ॲपमध्येही हेच करावे: दररोज नवी ओळ, आणि शिल्लक कोणी हाताने लिहावयाचीच नाही, ती सूत्राने निघावी.

प्रत्येक ओळीला स्वतःची कायमची ओळख हवी. ओळीचा अनुक्रमांक हीच ओळख मानली आणि कोणी मधली एक ओळ खोडली अथवा क्रम फिरविला, तर मोबाईलवरची दुरुस्ती भलत्याच ओळीवर जाऊन बसते. हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो, दाखलखारीज क्रमांक बदलत नाही, हे शिक्षकांना निराळे सांगावयास नको. ॲपशीटमध्ये ‘युनिकआयडी’ने असा न बदलणारा क्रमांक प्रत्येक नव्या ओळीला आपोआप देता येतो.

अशा निमूट चुका केवळ खेड्यातील शाळेतच होतात असे नव्हे. २०२० साली करोनाच्या साथीत इंग्लंडच्या आरोग्य खात्याने तपासणीचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये भरले. त्या फाईलमध्ये ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. वरच्या ओळी गळून पडल्या आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ रुग्ण दैनिक आकडेवारीतून सुटले. त्यांच्या सहवासात आलेल्यांचा शोधही लांबला. कोणत्याही पडद्यावर लाल अक्षर उमटले नव्हते.

तेव्हा दर शनिवारी कोठी उघडून तांदूळ तोलावा, आणि ते वजन तक्त्यात वेगळ्या रकान्यात लिहावे. त्याच्या शेजारी सूत्राने निघालेली शिल्लक असू द्यावी. दोहोंत फरक दिसला, तर शिल्लक हाताने जुळवून टाकू नये. आधी तारखा, मग डावीकडे सरकलेले आकडे, मग प्रत्येक मोबाईलमध्ये थांबलेल्या नोंदी पाहाव्या. आणि एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर तो फरक तारखेनिशी तसाच लिहून ठेवून मुख्याध्यापकांची सही घ्यावी.